दारावरचं साठ

केवलराम फुंडे कुठल्याही लग्नाला गेले, की वधूवरांच्या आधी मीटरला भेटून येत. मंडपात लोक अक्षता मुठीत घेऊन ताटकळलेले, आणि हे मंगल कार्यालयाच्या मागच्या बोळात मान वाकडी करून आकडे वाचताहेत. त्यांच्या सौभाग्यवती सिंधुताई हसत हसत सांगत, "आमच्या लग्नात अंतरपाट धरला, तरी याईचं ध्यान वरच्या बल्बाकडं होतं." त्यात थोडी भर असेल, पण फार नाही.

गेल्या फेब्रुवारीपासून मात्र केवलराम लग्नाला गेले तरी मीटरकडं फिरकत नाहीत. जेवतात, आहेर देतात, खाली मान घालून घरी येतात. माणसाला लाज वाटली की तो आरशापुढं जात नाही. केवलरामांचा आरसा मीटर होता, एवढाच काय तो फरक.

भिलाईच्या कारखान्यात तीस वर्षं त्यांनी विजेचे मीटर वाचले. काम ऐकायला सोपं वाटतं. घरातला मीटर कुणीही वाचतो. पण मोठ्या जागेची वीज अख्खी मीटरमधून नेली तर मीटर जळून जाईल, म्हणून पॅनेलच्या पेटीतलं एक यंत्र तिचा लहानसा हिस्सा तेवढा मीटरला दाखवतं. मग मीटर जे सांगेल त्याला गुणायचं: कुठं वीसनं, कुठं चाळीसनं, कुठं साठनं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, तशातला प्रकार. फक्त हंडी केवढी ते ठाऊक पाहिजे. त्या हंडीच्या मापाला गुणक म्हणतात. नवशिके लोक गुणकात हमखास चुकत आणि साहेबाच्या शिव्या खात. केवलराम कधी चुकले नाहीत. खात्यात म्हणच पडली होती, "फुंडेची रीडिंग म्हणजे पत्थर की लकीर."

हे गुणक पॅनेलच्या दारावर लाल रंगात, वीतभर उंचीच्या आकड्यांत लिहिलेले असत. ते लिहायचा गुलाब रामटेके. केवलराम भंडारा जिल्ह्यातले, गुलाबही तिकडचाच, दोघांच्या गावांत मध्ये एक नाला. केवलराम कुणब्यांच्या आळीतले आणि गुलाब बौद्ध वस्तीतला, हे दोघांपैकी कुणी कधी बोललं नाही, कारण बोलायची गरजच पडत नसे. केवलराम टेक्निशियन, गुलाब हेल्पर. केवलराम 'आले' आणि गुलाब 'आला'. हा रिवाज कुणी कागदावर लिहून ठेवला नव्हता, पण कधी चुकलाही नाही.

दर सप्टेंबरात विश्वकर्मा पूजेच्या आधी सगळी पॅनेलं पुसून लख्ख करायची आणि पुसट झालेले आकडे पुन्हा रंगवायचे अशी पद्धत होती. गुलाब पूजेला बसत नसे, पण पूजेच्या आधीचं सगळं काम त्याचंच असे. हातात लाल रंगाचा डबा, कानावर ब्रश. त्याचा एक खुळा नेम होता. जुना आकडा समोर दिसत असला तरी तो आधी वीज बंद करवून घेई, दार उघडी, आत वाकून यंत्रावरची पितळी पाटी वाची आणि मगच बाहेरचा आकडा गिरवी. केवलराम घड्याळ दाखवून ओरडत, "अबे गुलाब, मागच्या साली जे लिवलं तेच लिव ना! आत काय देव बसला हाय का पाहायला?"

गुलाब म्हणायचा, "दार दार असते जी. यंत्र बदलते, दार थोडी बदलते."

सगळे हसत. त्याचा सहा मोठा गमतीचा असे, पोट इतकं फुगलेलं की केवलराम म्हणत, याच्या सहाला नववा महिना लागला. त्या पोटुशी सहावर केवलरामांनी तीस वर्षं डोळे मिटून विश्वास ठेवला. कारखान्यातल्या एकाही पॅनेलचं दार त्यांनी स्वतःच्या हातानं कधी उघडलं नाही. तशी वेळच आली नाही असं ते म्हणत, आणि ते खोटंही नव्हतं.

रिटायर झाल्यावर कारखान्याचं सेक्टर दहामधलं क्वार्टर सुटलं आणि फुंडे भिलाईतच कोहक्यात स्वतःच्या घरात राहायला गेले. दोन वर्षं त्यांनी बागेला पाणी घालण्यात आणि शेजाऱ्यांना न विचारलेला सल्ला देण्यात काढली. मग एक दिवस गुंजन नावाची मुलगी स्कूटीवरून आली. शहरातल्या बारा मोठ्या इमारती हवेत किती कार्बन सोडतात याची तुलना करायचं काम तिच्या संस्थेनं घेतलं होतं. हॉटेल, मॉल, दवाखाना, कॉलेज, सगळं त्यात होतं. घरी मराठी आणि बाहेर हिंदी अशी ही पोर. वाक्य एका भाषेत सुरू करायची आणि दुसऱ्या भाषेत संपवायची.

"काका, बिल्डिंग धूर थोडी सोडते, असं लोक म्हणतात. पण बत्ती जलती है तो कोयला कहीं तो जलता है ना? एका युनिटमागं पाऊण किलोच्या आसपास कार्बन. वरून जनरेटरचं डिझेल, किचनची गॅस, एसीतली गॅस. सगळं जोडायचं, जागेच्या मापानं भागायचं, आणि बाराही बिल्डिंगी एका लाइनीत उभ्या करायच्या. सगळं गणित मी करते. मला फक्त मीटर वाचणारा असा माणूस पाहिजे, जो गलती करणार नाही."

केवलरामांची छाती वीतभर फुगली. त्यांनी कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढला, खिशाला दोन पेनं लावली. सिंधुताई म्हणाल्या, "नवरदेव निंगाले पाहा."

ऑक्टोबरात पहिली फेरी झाली. नव्या इमारतींत गुणक मीटरवरच छापलेला असे, तिथं काही अडलं नाही. दसऱ्याच्या दिवशी ते कोहक्यापलीकडच्या मुलींच्या वसतिगृहात पोचले. खेड्यापाड्यांतल्या ऐंशी मुली तिथं राहून शिकत. एक ट्रस्ट ते चालवायचा. वसतिगृहाचं नि शेजारच्या शाळेचं बिल एकच येई, म्हणून वसतिगृहापुरता वेगळा मीटर मागच्या खोलीत बसवला होता. त्याच्यावर छापील गुणक नव्हता. पण पॅनेलचं दार पाहिलं आणि केवलराम मोठ्यानं हसले. दारावर लाल रंगात लिहिलं होतं, साठ. तोच पोटुशी सहा.

"हे तं आमच्या गुलाबचं अक्षर!" ते वॉर्डन बेबीताईंना म्हणाले.

"हो ना, गुलाबभाऊच पाहतात इथली लाइट. रिटायर झाल्यापासून इथंच आहेत. आज दीक्षाभूमीला गेले नागपूरला, परवा येतील. ते आल्यावर येता का?"

"त्याचं काय काम? त्याचा आकडा हाय ना इथं." केवलरामांनी फॉर्मवर ठसठशीत अक्षरात लिहिलं: गुणक साठ. दार उघडलं नाही. उघडायची सवयच नव्हती.

पुढच्या दोन फेऱ्यांना गुलाब हजर होता. त्यानं टॉर्च धरला, चहा पाजला, "फुंडेसाहेब, तब्येत बारीक झाली जी" असं म्हणाला. गुणकाची गोष्ट निघाली नाही. केवलरामांनी विचारलं नाही, आणि न विचारता सांगायची गुलाबला सवय नव्हती.

डिसेंबर संपताना गुंजनचा फोन आला. "काका, हॉस्टेलचं जरा जादाच येऊन रायलं. एसी तर नाही ना तिथं? एक बार फिरसे देख लें?"

जाऊन पाहायला एक स्कूटर, दहा मिनिटांचा रस्ता. केवलराम म्हणाले, "पोरी, मी तीस साल हेच केलं. मीटर खोटं बोलत नाई, माणूस बोलते." गुंजननं सॉरी म्हणून फोन ठेवला. मोठ्या माणसाचा मान राखणारी पोर होती, तिथंच घात झाला.

जानेवारीत एका सभागृहात निकाल जाहीर झाला. पडद्यावर बारा पट्टे, हिरव्यापासून लालपर्यंत. बाराही इमारतींची माणसं आलेली. बाराव्या जागी, हॉटेलाच्या आणि मॉलच्याही खाली, लालभडक पट्टा: मुलींचं वसतिगृह. मॉलचा मॅनेजर मोकळेपणानं हसला. बेबीताईंचं तोंड उतरलं. सिंधुताई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या; आठवड्यातून दोनदा त्या त्याच मुलींना शिवण शिकवायला जात. त्यांनी चमकून नवऱ्याकडं पाहिलं. केवलराम मंचावर होते, गळ्यात शाल.

मागच्या रांगेतून गुलाब उठला. धुतलेला पांढरा शर्ट, हात पाठीमागं बांधलेले.

"साहेब, माफी असावी. आमच्याकडं एसी नाई, लिफ्ट नाई. गिझर आठ हायेत, तेबी सकाळीच चालतात. हे असं कावून येईन? एकडाव पुन्हा पाहा ना जी."

सगळं सभागृह वळून पाहू लागलं. प्रश्न मीटरबद्दल होता, पण केवलरामांना तो स्वतःबद्दल वाटला. हेल्परनं टेक्निशियनला भर सभेत विचारावं! त्यांनी गुंजनच्या हातातला माइक घेतला.

"मीटर खोटं बोलत नाई, गुलाब. तू झोपला असशीन, पोरी हीटर लावत असतीन." लोक हसले. हसू ऐकलं की माणसाला चेव येतो. केवलराम पुढं बोलून गेले, "फुकटात भेटलेल्या चीजेची कदर नसते काही लोकाईले. पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं नाई, तं वापरायची अक्कल कुठून येईन?"

हसणं अर्धवट तुटलं. 'काही लोक' म्हणजे कोण, हे त्या सभागृहात न कळलेलं माणूस नव्हतं. गुलाबनं पाठीमागचे हात सोडले, "बरं जी" म्हणाला आणि खाली बसला.

परत येताना सिंधुताई स्कूटरवर मागं बसून कोहक्यापर्यंत आल्या. दारात उतरल्यावर म्हणाल्या, "तुमी काय बोलले ते तुमाले समजलं का?"

"आकड्याचं बोललो."

"मी आकड्याचं नाई विचारलं," म्हणून त्या आत गेल्या.

पुढचे दोन आठवडे सिंधुताई शिवणवर्गाहून येत आणि भाजी निवडता निवडता एकेक गोष्ट सांगत. मुद्दाम सांगत होत्या की सहज, कोण जाणे. ट्रस्टवाल्यांनी बेबीताईंची कानउघाडणी केली. बेबीताईंनी आठही गिझर बंद केले; मुली भर थंडीत गार पाण्यानं अंघोळी करून परीक्षेला जाऊ लागल्या. हीटर शोधायला ऐंशी मुलींच्या पेट्या अंगणात ओतल्या. एकीचीही चूक निघाली नाही, पण एकीच्या पेटीतली आईची जुनी साडी सगळ्यांसमोर उलगडली गेली आणि ती दोन दिवस जेवली नाही. मीटरच्या खोलीची चावी गुलाबकडून काढून घेतली. तो अजून जातो कामावर. बागेला पाणी घालतो म्हणे.

केवलराम ऐकत आणि टीव्हीचा आवाज वाढवत. आत कुठंतरी टोचत होतं. पण आकडा बरोबर आहे ना, मग बाकीचं आपल्या माथ्यावर नाही, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला शहराबाहेर हथखोजला एका ओळखीच्या कारखान्यात त्यांना मीटर पाहायला बोलावलं. काम आटोपून ते तिथल्या भय्याजींच्या भंगाराच्या दुकानासमोर चहाला थांबले, आणि तिथं त्यांची नजर एका भिंतीवर गेली. भिंतीला लोखंडी दारं टेकवून ठेवली होती. एक नाही, पंधरावीस. प्रत्येकावर लाल आकडे. चाळीस. एकशेवीस. साठ. पुन्हा साठ. सगळे पोटुशी सहा त्यांच्याकडं पाहत होते.

"ये कहाँ के?" त्यांनी भय्याजींना विचारलं.

"लिलाम का माल है, बाबूजी. पुराने पैनल आए थे, अंदर का माल अलग बिका, दरवाजे पड़े हैं. मजबूत लोहा है, लोग ले जाते हैं. दो-तीन साल पहले वो लड़कियों के हॉस्टल वाले भी एक ले गए थे, उनका वाला सड़ गया था."

केवलरामांचा चहा तसाच राहिला. दार दार असते जी. यंत्र बदलते, दार थोडी बदलते. तीस वर्षं ऐकलेलं, हसण्यावारी नेलेलं वाक्य त्यांच्या कानाखाली सणकन बसलं.

हथखोजहून वसतिगृहापर्यंत स्कूटर कशी चालवली हे त्यांना आठवत नाही. बेबीताईंनी चावी दिली. केवलरामांनी वीज बंद केली, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं पॅनेलचं दार ओढलं आणि आत वाकले. यंत्रावर पाटी होती: शंभरला पाच. म्हणजे वीस. आणि दाराच्या आतल्या बाजूला लाल रंगात, बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'दार जुने आहे. खरा गुणक २०. गु. रामटेके.'

साठ नाही, वीस. त्यांनी त्या ऐंशी पोरींच्या माथ्यावर तिप्पट धूर मारला होता. वीसनं गुणलं तर वसतिगृह तळाला जातच नव्हतं. ते हिरव्या पट्ट्यात, वरून दुसरं येत होतं. गार पाणी, उघड्या पेट्या, आईची साडी, सगळं एका न उघडलेल्या दारापायी.

आणि तिथंच, पॅनेलच्या उघड्या दाराशी ओणवं असताना, त्यांना दुसरी गोष्ट कळली. एका साली कारखान्यातल्या एका खात्यातलं यंत्र बदललं होतं. कुणाला पत्ता नव्हता, पण त्या सप्टेंबरात गुलाबनं दारावरचे चाळीस पुसून साठ केले. महिन्याचा हिशेब बरोबर लागला आणि मोठ्या साहेबांनी केवलरामांची पाठ थोपटली, "फुंडे, तुमने पकड़ लिया!" केवलरामांनी पाठ थोपटून घेतली. गुलाब डबा घेऊन शेजारीच उभा होता. पत्थर की लकीर म्हणे! लकीर ओढणारा हात दुसऱ्याचाच होता. जन्मभर त्याच्या आकड्यावर आंधळा विश्वास ठेवला, आणि त्यानं तोंडानं 'एकडाव पाहा' म्हटलं, तर त्याच्या शब्दाला काडीची किंमत दिली नाही. त्यांना स्वतःची शिसारी आली.

गुलाब बागेत पाइप धरून उभा होता. केवलरामांनी त्याला सगळं सांगितलं, तुटक तुटक. गुलाबनं ऐकून घेतलं, नळ बंद केला.

"चूक माझीबी हाय जी," तो म्हणाला. "ते साठ मी पुसायला पायजे होतं. पण कारखान्यातलं आपल्या हातचं अक्षर इतक्या सालानं समोर आलं, तं पुसवलं नाई मले. सांगा तुमी, गुलाबनं जुना आकडा ठेवला म्हून चुकलं. मी नाई म्हननार नाई."

इतकी सोपी पळवाट! केवलराम एक क्षणभर, खरंच एक क्षणभर, त्या वाटेकडं पाहत राहिले. त्याचीही त्यांना नंतर लाज वाटली.

गुंजननं फोनवर दुसरी पळवाट काढली. "काका, टेन्शन नका घेऊ. नवीन लिस्ट बनवते, चुपचाप बदलून टाकू. किसीको पता भी नहीं चलेगा."

"पोरी, चुपचाप नाई," केवलराम म्हणाले. "सगळ्याईले पत्ता लागला तसाच सगळ्याईले लागला पायजे. बोलव त्याच लोकाईले. वसतिगृहात बोलव."

रविवारी दुपारी वसतिगृहाच्या अंगणात सतरंज्या पडल्या. मॉलचा मॅनेजर सोडून बहुतेक सगळे आले. ऐंशी मुली समोर बसल्या, सिंधुताई त्यांच्यात. गुलाब बाजूला, मीटरच्या खोलीच्या पायरीवर. केवलरामांनी शाल आणली नव्हती. उभं राहून त्यांनी सांगितलं: आकडा चुकला. चूक यंत्राची नाही, गुलाबची नाही, माझी. मी दार उघडून पाहिलं नाही. गुंजननं पुन्हा पाहायला सांगितलं, तरी गेलो नाही. वसतिगृह बारावं नाही, दुसरं आहे. पोरींनो, तुमच्या पेट्या उघडल्या गेल्या त्या माझ्यामुळं. हात जोडले.

आणि मग जे झालं ते त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. टाळ्या पडल्या. मुलींनी वाजवल्या, पाहुण्यांनी वाजवल्या. बेबीताईंनी डोळे पुसले, "आज सुरू करते गिझर" म्हणाल्या. दवाखान्यातले एक जण जवळ येऊन म्हणाले, "या वयात चूक कबूल करायला हिंमत लागते. फुंडेसाहेब, मान गए!" कुणीतरी त्यांच्या हातात चहा दिला, बिस्किट दिलं. कबुली द्यायला आलेला माणूस पुन्हा कौतुक घेऊन उभा होता. जन्मखोड म्हणतात ती हीच. क्षणभर त्यांना बरंही वाटलं.

ते पायरीकडं गेले. "झालं, गुलाब," म्हणाले. "केलं दुरुस्त."

गुलाबच्या पायाशी रंगाचा डबा होता, दारावरचं साठ पुसायला आणलेला. तो डब्याचं झाकण उचकटत होता. मान वर न करता, अगदी साध्या आवाजात तो म्हणाला, "आकड्याचं तं मले काई वाटलंच नव्हतं, फुंडेसाहेब. आकडा कोनाचाबी चुकते."

गुलाबनं झाकण उघडून बाजूला ठेवलं. समोरून सिंधुताई पाहत होत्या. त्या दिवशी घराच्या दारात उभ्या होत्या, तशाच.

केवलराम चहा पायरीवर ठेवून परत अंगणाच्या मधोमध आले. लोक उठू लागले होते. "बसा," ते म्हणाले. कुणी बसेना, म्हणून पुन्हा म्हणाले, "बसा जी, अर्धंच सांगितलं मी."

लोक बसले.

"त्या दिवशी सभेत मी रामटेकेभाऊले बोललो, काही लोकाईले अक्कल नसते, पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं नसते. काही लोक म्हंजे कोन, ते तुमाले समजलं होतं. मलेबी समजलं होतं. जीभ घसरली असं मी म्हननार नाई. ते माझ्या मनात होतं, पहिल्यापासून होतं, म्हून निंगालं. कारखान्यात माझं जे नाव झालं, ते रामटेकेभाऊच्या आकड्यावर झालं. दर साली भाऊ दार उघडून पाहेत, आणि मी त्याईले हसो. अक्कल कोनाले नव्हती ते..." इथं ते पायरीकडं वळले. "मले लाज वाटते. माफी मागतो."

या वेळी टाळी पडली नाही. एकही नाही. दवाखान्याच्या माणसानं घड्याळ पाहिलं, कुणी सतरंजीचा दोरा ओढू लागलं. मुली खाली पाहत होत्या. एकीनं तेवढं सरळ त्यांच्या तोंडाकडं पाहिलं, आणि केवलरामांना ती नजर सोसवली नाही. सिंधुताईंनी पदर सारखा केला. मग एकेक करून लोक उठले आणि गेले. केवलराम तिथंच उभे होते, भर दुपारी, उघड्या अंगणात.

पायरीकडून हाक आली. "इकडं या जी."

केवलराम गेले. माफ केलं असं काही ऐकायला मिळालं नाही, आणि मागायची हिंमतही नव्हती. खोलीत दारावरचं साठ रॉकेलच्या फडक्यानं पुसून झालं होतं. लोखंडावर गुलाबी डाग उरला होता. रंगाचा डबा केवलरामांच्या हातात आला.

"धरा. हालवू नका."

केवलरामांनी दोन्ही हातांनी डबा धरला. तीस वर्षांत हा डबा त्यांनी कधी धरला नव्हता. गुलाब रामटेके यांनी वीज बंद केली, दार उघडलं, आत वाकून पाटी वाचली, आणि मगच ब्रश बुडवला.